नेटवर्क नसलेल्या गावात ग्रामसभेचे दप्तर : सिंकथिंगची मांडणी पहिल्यापासून

मे महिन्यात दिवस कलू लागला की तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या जागी, पुड्यांची मोजणी सुरू होते. एका पुड्यात ७० पाने आणि मजुरी शेकडा पुड्यांच्या दराने. त्यामुळे मोजणाऱ्याच्या तोंडून निघालेला प्रत्येक आकडा म्हणजे कोणाच्या तरी घरची त्या दिवसाची कमाई असते. सामूहिक वनहक्क मिळाल्यानंतर ज्या ग्रामसभा तेंदूचा व्यवहार स्वतः पाहू लागल्या, त्यांच्याकडे हा आकडा आधी वहीत आणि मग मोबाईलमधल्या तक्त्यात चढतो. खरी अडचण यानंतरची आहे. तो तक्ता सचिवाच्या मोबाईलवर जातो, तेथून तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात, तेथून पेनड्राईव्हने परत. आणि आठवडाभरात 'तेंदू अंतिम', 'तेंदू अंतिम नवीन' आणि 'तेंदू अंतिम नवीन १' अशा तीन फाइली तीन ठिकाणी नांदू लागतात. त्यांतील खरी कोणती, हे शेवटी वहीलाच विचारावे लागते.

आमच्या भागात याहून वाईट घडलेले मी पाहिले आहे. एका ग्रामसभेचे सगळे दप्तर एकाच लॅपटॉपवर होते. पावसाळ्याच्या तोंडावरच्या वादळात रात्रभर लाईन येत-जात राहिली, चार्जर लावलेलाच होता, आणि सकाळी लॅपटॉप उघडला तो उघडलाच नाही. वह्या होत्या म्हणून हिशेब वाचला. पण जंगलगस्तीचे दोन वर्षांचे फोटो आणि हद्दीवरून चालत जाऊन घेतलेले जीपीएसचे माग गेले ते गेलेच. हे सगळे एखाद्या क्लाउड सेवेवर ठेवायला हवे होते, असे नंतर अनेकांनी सांगितले. सांगणाऱ्यांच्या गावात टॉवर होता. ज्या गावात एक निरोप पाठवण्यासाठी टेकडीवर चढावे लागते, तेथे दोनशे फोटो रोज वर चढवणे म्हणजे काय, हे ज्याचे त्यालाच कळते.

हा लेख अशा गावातील त्या एक-दोन मुलामुलींसाठी आहे, ज्यांच्याकडे ग्रामसभेचा, बचत गटाचा किंवा शेतकरी गटाचा लॅपटॉप 'तुला येते ना' म्हणून सोपवलेला असतो. एक लॅपटॉप आणि दोन-तीन अँड्रॉइड मोबाईल एवढ्या सामानावर सिंकथिंग हे मोफत साधन वापरून दप्तराच्या प्रती गावातल्याच यंत्रांवर कशा ठेवायच्या आणि इंटरनेटविना त्या एकमेकींशी कशा जुळत्या ठेवायच्या, म्हणजेच 'सिंक' कशा करायच्या, ते क्रमाने पाहू.

मध्यस्थाशिवाय देवाणघेवाण म्हणजे काय

नेहमीच्या क्लाउड सेवेत मुख्य प्रत कंपनीच्या सर्व्हरवर असते आणि आपण ती तेथून मागून घेतो. शेजारी बसलेल्या दोघांनी एकमेकांना फाइल द्यायची म्हटली तरी ती आधी दूरच्या शहरातील यंत्रावर जाऊन परत येते. पीअर-टू-पीअर, म्हणजे बरोबरीच्या यंत्रांच्या, पद्धतीत देणारा वेगळा आणि घेणारा वेगळा असा भेद नसतो. प्रत्येक यंत्राकडे स्वतःची पूर्ण प्रत असते आणि यंत्रे भेटतील तशी एकमेकांना नवे-जुने सांगतात.

अशा साधनांना 'विकेंद्रित' म्हणतात, पण त्या शब्दावर लगेच भाळू नये. १९९९मध्ये आलेल्या नॅपस्टरवर गाणी लोकांच्याच संगणकांवर असत, पण कोणाकडे काय आहे याची यादी कंपनीच्या सर्व्हरवर होती. २००१मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर ती सेवा बंद पडली, तेव्हा गाणी जागच्या जागी असूनही सगळे जाळे थांबले. म्हणून अशा कोणत्याही साधनाविषयी पहिला प्रश्न हा विचारावा की, यादी कोणाकडे आहे. त्याच २००१ साली ब्रॅम कोहेन यांनी आणलेल्या बिटटोरंटमध्ये एका मोठ्या फाइलचे तुकडे होतात आणि ज्याला जो तुकडा मिळाला तो त्याने पुढे वाटायचा असतो. एकच न बदलणारी फाइल हजारो लोकांना द्यायची असेल तर यासारखे साधन नाही. २००५मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स या खुल्या संगणक-प्रणालीच्या कामासाठी लिहिलेल्या गिटमध्ये प्रत्येकाकडे पूर्ण इतिहासासह प्रत असते, पण ते शिकायला वेळ लागतो आणि फोटोंसाठी ते नाही.

आयपीएफएस या फाइली वाटण्याच्या विकेंद्रित जाळ्याविषयी नवख्यांना फार कुतूहल असते, म्हणून त्याबद्दल स्पष्टच सांगतो. त्यात फाइलचा पत्ता फाइलच्या मजकुरावरूनच तयार होतो, त्यामुळे मजकूर बदलला की पत्ता बदलतो. ही कल्पना सुंदर आहे. परंतु तेथे टाकलेली वस्तू पत्ता माहीत असलेल्या कोणालाही मिळू शकते, आणि ती 'कायम' राहते हा समजही खरा नाही, कारण कोणी तरी ती आपल्या यंत्रावर मुद्दाम धरून ठेवली तरच ती टिकते. गावाचे दप्तर ठेवण्याची ती जागा नव्हे.

थोड्या, एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांचे रोज बदलणारे फोल्डर जुळते ठेवायचे असेल तर सिंकथिंग हे मोफत, खुल्या स्रोताचे साधन योग्य आहे. याकोब बोर्ग यांनी ते २०१३मध्ये सुरू केले. त्यासाठी खाते उघडावे लागत नाही आणि मोबाईल क्रमांकही द्यावा लागत नाही. ते फाइलचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याचा गणिती ठसा काढते. अंगठ्याच्या ठशासारखाच हा ठसा ज्याचा त्याचा असतो. एक काना जरी बदलला तरी तो पार वेगळा येतो. दोन यंत्रे भेटली की ती आधी ठशांच्या याद्या ताडून पाहतात आणि जो तुकडा आपल्याकडे नाही तेवढाच मागून घेतात. वाटेत सगळी देवाणघेवाण कुलूपबंद असते.

यंत्राला हात लावण्याआधी एक कागद

बहुतेक जण थेट अ‍ॅप उतरवून घेतात आणि महिन्याभरात गोंधळ झाला की साधनाला नावे ठेवतात. माझे सांगणे असे आहे की पहिला दिवस कागदावर घालवावा. कोणती फोल्डरे असतील, प्रत्येकात लिहिणार कोण आणि प्रत नुसती ठेवणार कोण, हे तीन रकान्यांत लिहावे.

येथे एक नियम पक्का धरावा : एका फोल्डरमध्ये लिहिणारा एकच. सिंकथिंग हे इंटरनेटवरच्या त्या तक्त्यांसारखे नाही, ज्यांत दोघे एकाच वेळी टंकू शकतात. त्याला फाइल एवढेच कळते, फाइलमधील ओळ कळत नाही. गावात दोन फळ्या असतील तर दोन फोल्डरे करावीत. 'फळी-१' मध्ये पहिल्या फळीवरच्या मोबाईलनेच लिहावे, 'फळी-२' मध्ये दुसऱ्या, आणि लॅपटॉपने दोन्ही नुसती घ्यावीत. दोहोंची बेरीज करणारा तक्ता लॅपटॉपवर तिसऱ्या, 'हिशेब' नावाच्या फोल्डरमध्ये असावा, ज्यात फक्त लॅपटॉपवर बसणारी व्यक्ती लिहील आणि मोबाईल तो नुसता पाहतील. 'ठराव' फोल्डरचे तसेच. गस्तीच्या फोटोंसाठी प्रत्येक गस्ती मोबाईलचे फोल्डर वेगळे करावे. फोल्डरांची संख्या वाढली तरी हरकत नाही, लिहिणारे हात वाढता कामा नयेत.

याच कागदावर फाइलींच्या नावांची रीत ठरवून टाकावी. नावात तिरपी रेघ चालत नाही, म्हणून '७/१२' असे नाव देता येत नाही, 'सातबारा' लिहावे. तारखाही तिरप्या रेघेने न लिहिता वर्ष, महिना, दिवस या क्रमाने '२०२५-०५-१४' अशा लिहाव्यात, म्हणजे फाइली आपोआप क्रमाने लागतात. विसर्गचिन्हासारखे दोन टिंब, प्रश्नचिन्ह आणि दुहेरी अवतरणचिन्ह विंडोजला नावात चालत नाहीत, आणि मोबाईलवर चालून गेलेली अशी फाइल लॅपटॉपवर येऊन अडते. मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या यंत्रांना सारखाच वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत, असावा. जुन्या फाँटमध्ये टंकून आणलेला ठराव मोबाईलवर नुसती चिन्हांची रांगोळी दिसतो.

हा कागद ग्रामसभेत वाचून दाखवावा आणि प्रोसिडिंगमध्ये त्याची नोंद घ्यावी. हे मी उपचार म्हणून सांगत नाही. दप्तराची प्रत कोणाच्या खिशात राहणार हा निर्णय गावाचा आहे, लॅपटॉप येणाऱ्याचा नाही. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाला २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला, त्याच्या कितीतरी आधीपासून तेथे निर्णय सर्वांच्या सहमतीने घेण्याची रीत आहे. आपल्या तांत्रिक मांडणीलाही तीच शिस्त लावायला काय हरकत आहे?

पहिली पायरी : बसवणे

हे काम तालुक्याच्या ठिकाणी, जेथे इंटरनेट आहे तेथे, बाजाराच्या दिवशी उरकून घ्यावे. विंडोजच्या लॅपटॉपसाठी सिंकथिंगच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच ते घ्यावे. इतर ठिकाणांहून घेऊ नये. उबुंटू किंवा डेबियन असेल तर ते त्यांच्या नेहमीच्या सॉफ्टवेअर भांडारातच आहे. पहिल्यांदा चालू करताना विंडोजची फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्यांवरची राखण, परवानगी मागते, तेव्हा खाजगी नेटवर्कसाठी होकार द्यावा. घाईत नकार दिलेला असला तर पुढे दोन यंत्रे शेजारी असूनही एकमेकांना दिसत नाहीत, आणि कारण शोधण्यात अख्खी संध्याकाळ जाते.

सिंकथिंगची खिडकी ब्राउझरमध्ये उघडते. पत्त्याच्या जागी इंग्रजी अंकांत १२७.०.०.१:८३८४ लिहिले की ती दिसते. हा पत्ता म्हणजे 'हेच यंत्र', त्यामुळे त्याला इंटरनेट लागत नाही. सेटिंग्जमध्ये जाऊन या खिडकीला लगेच वापरकर्ता-नाव आणि पासवर्ड लावावा.

मोबाईलसाठी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सिंकथिंगचे मूळ अँड्रॉइड अ‍ॅप २०२४च्या डिसेंबरनंतर बंद झाले आहे; त्याऐवजी 'सिंकथिंग-फोर्क' हे अ‍ॅप एफ-ड्रॉइड या खुल्या अ‍ॅपभांडारातून घ्यावे. बसवल्यावर त्याला फाइलींची परवानगी द्यावी आणि बॅटरी वाचवण्याच्या यादीतून त्याला वगळावे. स्वस्त मोबाईल पडद्यामागे चालणारी अ‍ॅप्स स्वतःहून बंद करतात, त्यामुळे ही दुसरी परवानगी राहून गेली की 'काल तर चालत होते' ही तक्रार ठरलेलीच.

दुसरी पायरी : यंत्रांची ओळख

प्रत्येक यंत्राला सिंकथिंग एक लांबलचक ओळखक्रमांक देते : सात-सात अक्षरांचे आठ गट, एकूण ५६ अक्षरे. तो हाताने उतरवून घेण्याची गरज नाही. लॅपटॉपवर 'अ‍ॅक्शन्स' मधील 'शो आयडी' दाबले की त्याचा चौकोनी क्यूआर कोड दिसतो. मोबाईलमध्ये 'अ‍ॅड डिव्हाइस' घेऊन तो कॅमेऱ्याने टिपावा. थोड्या वेळात लॅपटॉपवर 'अमुक यंत्र जोडू इच्छिते' अशी सूचना येते आणि तेथे होकार दिला की ओळख पूर्ण होते.

दोन्ही बाजूंनी होकार लागतो, हे महत्त्वाचे. ओळखक्रमांक कोणाच्या हाती पडला म्हणून कोणी आत येत नाही. पण न ओळखलेल्या यंत्राला होकार देण्याची चूक आपणच करू शकतो, म्हणून ओळख नेहमी समोरासमोर बसून करावी. यंत्राला माणसाचे नाव न देता कामाचे नाव द्यावे, 'फळी-२ मोबाईल' असे. मुन्शी, म्हणजे फळीवरचा हिशेब लिहिणारा, बदलतो, फळी राहते.

तिसरी पायरी : फोल्डर देणे

आता कागद समोर घ्यावा. ज्या यंत्रावर लिहिले जाणार आहे तेथे 'अ‍ॅड फोल्डर' करावे, नाव द्यावे, जागा दाखवावी आणि 'शेअरिंग' या भागात ज्यांना द्यायचे त्या यंत्रांसमोर खूण करावी. समोरच्या यंत्रावर सूचना येते. तेथे होकार देताना फोल्डर कोठे उतरवायचे ते विचारले जाते. मोबाईलमध्ये ते मुख्य स्मृतीतच उतरवावे, कारण मेमरी कार्डावर लिहायला अँड्रॉइड बहुतेक अ‍ॅप्सना आडकाठी करते.

याच वेळी फोल्डरचा प्रकार ठरवावा. लिहिणाऱ्या यंत्रावर 'सेंड ओन्ली' आणि प्रत ठेवणाऱ्या यंत्रांवर 'रिसिव्ह ओन्ली' निवडावे. आपला कागदावरचा नियम येथे यंत्राच्या हाती दिला जातो. एखाद्याने प्रत ठेवणाऱ्या मोबाईलवर चुकून आकडा बदलला, तर तो बदल तेथेच अडून राहतो, बाहेर पसरत नाही, आणि 'रिव्हर्ट लोकल चेंजेस' दाबले की मूळ आकडा परत येतो.

प्रत्येक फोल्डरमध्ये सिंकथिंग 'एसटीफोल्डर' नावाची एक लपलेली खूण ठेवते. ती दिसली नाही तर ते काम थांबवते, कारण फोल्डरच जागेवर नसताना 'सगळ्या फाइली मिटवल्या' असा अर्थ काढून इतरांकडच्याही फाइली मिटवू नयेत, ही खबरदारी त्यामागे आहे. मोबाईल 'साफ' करणारी अ‍ॅप्स मात्र ही रिकामी वस्तू कचरा समजून उचलतात. फोल्डरची खूण सापडत नाही अशी तक्रार आली, तर आधी ते सफाईचे अ‍ॅप काढून टाकावे.

चौथी पायरी : इंटरनेटविना सिंक

हा या सगळ्या खटाटोपाचा गाभा आहे, म्हणून येथे थोडे रेंगाळतो. दोन यंत्रे एकाच वायफायवर असली की ती स्थानिक जाळ्यात 'मी येथे आहे' अशी हाक देतात आणि एकमेकांना शोधून काढतात. वायफायला इंटरनेट जोडलेले असण्याची गरज नाही. वायफाय म्हणजेच इंटरनेट असे आपल्या डोक्यात इतके बसले आहे की हे एकदा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कोणाचा विश्वास बसत नाही.

नवखा माणूस येथे एका ठिकाणी हमखास अडतो. ज्या मोबाईलवर सिंकथिंग आहे त्याच मोबाईलचा हॉटस्पॉट चालू केला, तर त्या मोबाईलच्या दृष्टीने तो स्वतः कोणत्याही वायफायला जोडलेला नसतो. आणि अ‍ॅपची मूळ मांडणी 'वायफाय असेल तरच चालावे' अशी असल्यामुळे ते झोपून राहते. यावर सोपा उपाय म्हणजे हॉटस्पॉटसाठी तिसराच मोबाईल वापरणे, ज्यात सिंकथिंग नाही, आणि त्याचा मोबाईल डेटा बंद ठेवणे. लॅपटॉपच्या हॉटस्पॉटवर विसंबू नये, कारण विंडोज इंटरनेट जोडणी नसताना तो बहुधा चालूच करू देत नाही. सर्वांत उत्तम म्हणजे एक साधा राउटर, ज्याच्या पाठीमागे कोणतीही तार नाही. त्याच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट लिहिलेले असेल तर जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून तो बॅटरीवर चालवण्याची सोय करून घेता येते, आणि मग लाईन गेली तरी काम अडत नाही.

एका गावी शनिवारी संध्याकाळी समाजमंदिरात हा राउटर लावला जातो. दोन्ही फळ्यांचे मोबाईल आणि गस्तीचा एक मोबाईल तेथे येतात, लॅपटॉप सतरंजीवर उघडा असतो. पहिली दोन-तीन मिनिटे काहीच घडत नाही, आणि नेमक्या त्याच वेळी कोणी तरी 'हे काही चालत नाही बा' म्हणून उठू लागतो. त्याला बसवून ठेवावे. मग लॅपटॉपच्या पडद्यावर यंत्रांची नावे एकेक करून जिवंत होतात, टक्केवारी चढू लागते, आणि शेवटी प्रत्येक फोल्डरसमोर हिरव्या अक्षरांत 'अप टू डेट' येते. गस्तीचे २०० फोटो, प्रत्येकी चार मेगाबाइट धरले तर ८०० मेगाबाइट होतात. साध्या वायफायवर सेकंदाला अडीच मेगाबाइट एवढा वेग मिळाला तरी पाच-सहा मिनिटांचे काम आहे. तेवढ्यात चहा होतो.

राउटर एकच असूनही यंत्रे एकमेकांना दिसत नसतील तर तीन गोष्टी पाहाव्यात : लॅपटॉपची फायरवॉल, अ‍ॅप खरोखर चालू आहे की नाही, आणि राउटरमध्ये पाहुण्यांसाठीचे वेगळे वायफाय तर वापरात नाही ना. पाहुण्यांच्या वायफायवर यंत्रांना एकमेकांशी बोलण्याची मनाई असते.

गावात इंटरनेट असेल तर सिंकथिंग दूरच्या यंत्रांनाही शोधू शकते. त्यासाठी ते शोध-सर्व्हर आणि थेट वाट न मिळाल्यास मधली वाट देणारे रिले वापरते. 'यादी कोणाकडे' हा आपला प्रश्न येथेही विचारावा. शोध-सर्व्हरला यंत्राचा ओळखक्रमांक आणि पत्ता कळतो. फाइली त्याच्याकडे जात नाहीत, आणि रिलेमधून जाणाऱ्या फाइली कुलूपबंदच असतात. ज्यांना हेही नको, त्यांनी सेटिंग्जमधील 'कनेक्शन्स' या भागात 'ग्लोबल डिस्कव्हरी' आणि 'रिलेइंग' या दोन्ही खुणा काढून फक्त स्थानिक शोध ठेवावा. समाजमंदिरातली बैठक त्यावरही तशीच चालते.

पाचवी पायरी : मिटलेले परत मिळण्याची सोय

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवले तरी चालेल, कारण लिहिणाऱ्या मोबाईलवर फाइल मिटवली गेली की पुढच्या शनिवारी ती सगळीकडून मिटते. यंत्र ते निमूटपणे आणि अचूक करते.

यासाठी लॅपटॉपवर प्रत्येक फोल्डरच्या 'फाइल व्हर्जनिंग' मध्ये जाऊन 'स्टॅगर्ड' हा प्रकार निवडावा. मग दुसरीकडून आलेल्या बदलामुळे एखादी फाइल बदलली किंवा मिटली, तर तिची जुनी प्रत लॅपटॉपवर वेगळी ठेवली जाते : पहिल्या महिन्यात दिवसाला एक, पुढे आठवड्याला एक, आणि मुदत वेगळी ठरवली नाही तर वर्षभरापर्यंत. हे फक्त दुसरीकडून आलेल्या बदलांना लागू आहे. लॅपटॉपवर बसून तुम्ही स्वतः जी फाइल मिटवाल तिची जुनी प्रत लॅपटॉपवर राहणार नाही. म्हणून 'हिशेब' आणि 'ठराव' या फोल्डरांसाठी ही सोय ते घेणाऱ्या मोबाईलवरही चालू करावी. बहुतेकांचा घात याच ठिकाणी होतो.

एवढे करूनही महिन्यातून एकदा एक बाहेरची हार्डडिस्क जोडून सगळ्या फोल्डरांची साधी नक्कल करावी, डिस्क काढून घ्यावी आणि ती लॅपटॉपच्या घरापेक्षा वेगळ्या घरी ठेवावी. या डिस्कला सिंकथिंग माहीत नसावे, तोच तिचा उपयोग आहे.

दोन हातांनी लिहिले गेलेच तर

नियम केला तरी एखाद्या वर्षी तो मोडतो. फळीवरचा मोबाईल बिघडतो, कोणी तरी फोल्डरचा प्रकार बदलून दुसऱ्या मोबाईलवर लिहू लागतो, मग पहिला दुरुस्त होऊन येतो आणि दोघांनीही १४ तारखेचा तक्ता आपापल्या परीने भरलेला असतो. अशा वेळी सिंकथिंग कोणाचीही प्रत फेकून देत नाही. जिची वेळ नंतरची ती मूळ नावाने राहते आणि आधीच्या वेळेची प्रत 'सिंक-कॉन्फ्लिक्ट' असे शब्द, तारीख, वेळ आणि यंत्राच्या ओळखीची काही अक्षरे नावात घालून शेजारीच ठेवली जाते.

पुष्कळ जण ही विचित्र नावाची फाइल कचरा समजून मिटवतात. तसे करू नये. मूळ नावाची फाइल खरी आणि ही खोटी, असा निवाडा यंत्राने केलेला नसतो; त्याने नुसते घड्याळ पाहिलेले असते, आणि ज्या मोबाईलचे घड्याळ पुढे असेल त्याची सरशी होते. म्हणून सगळ्या मोबाईलांची वेळ जुळलेली असावी, आणि अशी फाइल दिसली की दोन्ही तक्ते वहीसमोर ठेवून, दोन्ही लिहिणाऱ्यांना बसवून, एकेक ओळ ताडावी. दुरुस्त तक्ता एकाच यंत्रावर जतन करावा आणि मगच ती विचित्र नावाची फाइल काढावी. हा वाद यंत्र सोडवत नाही, तो माणसांपुढे आणून ठेवते, आणि माझ्या मते ते बरेच आहे.

खाजगी कागद

वनहक्काच्या दाव्यांत आधारच्या प्रती, जातीचे दाखले आणि वयस्कांचे जबाब असतात. सिंकथिंग फाइलींना वाटेत कुलूप लावते. यंत्रावर पोचल्यानंतर त्या उघड्याच असतात. म्हणून 'वनहक्क दावे' हे फोल्डर मोबाईलांवर देऊच नये. ते लॅपटॉपवर आणि फार तर समितीने ठरवलेल्या आणखी एका संगणकावर असावे, आणि दोन्ही संगणकांची डिस्क पासवर्डने कुलूपबंद केलेली असावी. आधारची प्रत ठेवणे भागच असेल तर शेवटचे चारच अंक दाखवणारे 'मास्क्ड आधार' मागावे. तालुक्याला एखाद्या ओळखीच्या संस्थेच्या संगणकावर प्रत ठेवायची आहे, पण तेथील कोणी ती वाचू नये असे वाटत असेल, तर सिंकथिंगमध्ये त्यासाठी पासवर्डने बंद केलेली प्रत पाठवण्याचीही सोय आहे. ती आधी दोन-चार बिनमहत्त्वाच्या फाइलींवर करून पाहावी. पासवर्ड हरवला तर ती प्रत कोणाच्याच कामाची उरत नाही.

मोबाईल हरवला किंवा माणूस बदलला तर

लॅपटॉपवर आणि इतर प्रत्येक यंत्रावर त्या मोबाईलचे नाव उघडून 'रिमूव्ह' करावे. एका ठिकाणी काढून भागत नाही, कारण येथे सगळ्यांवर हुकूम चालवणारे एक यंत्र नाहीच. काढल्यानंतर त्या मोबाईलला नवे काही मिळणार नाही, पण आधी मिळालेले त्यावर तसेच राहते; दूर बसून ते पुसण्याचा मार्ग सिंकथिंगमध्ये नाही. मोबाईलला पडदा-कुलूप असावे हा आग्रह म्हणूनच पहिल्या दिवसापासून धरावा.

मुन्शी किंवा सचिव बदलला आणि मोबाईल त्याचा स्वतःचा असला, तर त्याच्यासमोरच आधी शेवटचे सिंक करून घ्यावे, 'अप टू डेट' दिसल्याची खात्री करावी, मग फोल्डर आणि यंत्र दोन्ही काढावे आणि त्याच्या मोबाईलमधील फाइली त्याच्याच हाताने मिटवून घ्याव्यात. क्रम उलटा होऊ देऊ नये : फोल्डर जोडलेले असतानाच फाइली मिटवल्या तर ते मिटवणे सगळीकडे पोचते. त्या दिवशीची तारीख, काढलेल्या यंत्राचे नाव आणि नव्या यंत्राच्या ओळखक्रमांकातील सात अक्षरांचा पहिला गट हे प्रोसिडिंगमध्ये लिहावे आणि त्याखाली दोघांच्या सह्या घ्याव्यात.